जुन्या सेडियाचे सस्पेन्शन आणि सायलेन्सर: आधी काय, किती आणि कशासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २००८ सालची मित्सुबिशी लान्सर सेडिया तुम्ही दुसऱ्या मालकाकडून घेतली असून ती लाखभर किलोमीटरहून अधिक चाललेली आहे. अमळनेर, धुळे, नाशिक हा तुमचा नेहमीचा रस्ता आणि वर्षातून काही वेळा कन्नड घाट व तोरणमाळ. ताशी ९०-१०० च्या वेगात गाडीचा मागचा भाग झुलतो, वळणात ती जास्त कलते आणि गतिरोधकावरून उतरताना पुढून ‘खट्’ असा आवाज येतो. दुकानदाराने गाडी ४० मिलिमीटर खाली बसवणारा कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेला) संच सुचवला आहे आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) सायलेन्सरचे सारे काढून अडीच इंची सरळ पाईप टाकायला सांगितले आहे. दोन्हींना एकाच वेळी पैसे पुरणार नाहीत, म्हणून आधी काय करावे, असे तुम्ही विचारता.

आधी सस्पेन्शन करा. त्यातही आधी रबर आणि शॉक अब्सॉर्बर, त्यानंतर गरज उरलीच तर स्प्रिंग. उंची कमी करण्याचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सायलेन्सरचे काम सर्वांत शेवटी घ्या आणि ते आवाज सुधारण्यासाठी घ्या, ताकद वाढेल या आशेने नव्हे. धुळ्यात मी जुन्या सेडान गाड्यांच्या सस्पेन्शनचीच कामे प्रामुख्याने करतो आणि तुमच्यासारख्या प्रश्नात मला बहुतेक वेळा असे आढळते की, मालकाला गाडी ‘सुधारायची’ असते, पण प्रत्यक्षात ती अजून तिच्या मूळ अवस्थेलाच पोहोचलेली नसते.

सेडियाला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात) आणि मागे स्वतंत्र मल्टिलिंक (प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी वेगळे धरलेले) रचना आहे. त्या काळातल्या आपल्याकडच्या बऱ्याच सेडान गाड्यांना मागे साधा टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) असे, त्या मानाने ही रचना फार चांगली आहे. भारतीय रॅली स्पर्धांमध्ये ही गाडी वर्षानुवर्षे धावली ती उगाच नाही. मात्र खडीच्या रस्त्यावरची रॅलीची गाडी जमिनीला चिकटलेली नसते, तिच्या चाकांना वर-खाली जायला भरपूर वाव ठेवलेला असतो. ‘स्पोर्टी’ दिसण्यासाठी गाडी खाली बसवणाऱ्यांनी हे एकदा नीट पाहावे. मल्टिलिंकची किंमतही मोजावी लागते, कारण मागे बरेच आर्म, म्हणजे या दांड्या, आणि त्यांच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांत रबरी बुश असतात. पंधरा-सोळा वर्षांत ते रबर कडक होते, तडकते आणि प्रत्येक बुश थोडा थोडा ढिला पडतो. मग गाडी वळणात शिरताना मागची चाके आपली दिशा किंचित बदलतात आणि चालकाला वाटते की गाडी झुलते आहे. नवा, महाग शॉक अब्सॉर्बर बसवूनही हा दोष जात नाही.

म्हणून पहिला खर्च बुश, बॉल जॉइंट (चाकाकडचा गोळीचा सांधा), स्टॅबिलायझर लिंक (गाडीचे कलणे रोखणारा स्टॅबिलायझर बार चाकाच्या भागाशी जोडणारी दांडी) आणि स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगवर करा. तो ‘खट्’ आवाज कुठला, हे सुटे भाग विकत न घेताही शोधता येते. दोन्ही बाजूंच्या पुढच्या स्टॅबिलायझर लिंक सोडून, त्या कुठे अडकणार नाहीत अशा बांधून, गाडी पायी चालण्याच्या वेगाने त्याच गतिरोधकावरून न्यावी. आवाज गेला तर दोष लिंकचा. आवाज राहिला, तर गाडी उभी असताना कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगून बॉनेटखाली माउंटिंगच्या टोपीवर हात ठेवावा. स्प्रिंग अडखळत, झटक्याने फिरत असेल तर हाताला ते लगेच कळते. तिथेही काही सापडले नाही तर चाक उचलून, लोअर आर्मखाली (चाक खालून धरणारी दांडी) पहार घालून बॉल जॉइंट तपासावा.

बुश बसवताना एक गोष्ट स्वतः उभे राहून करून घ्या, कारण आपल्याकडच्या गॅरेजांत ती सर्रास चुकते. गाडी लिफ्टवर असते, चाके खाली लोंबकळत असतात आणि मेकॅनिक त्याच स्थितीत आर्मचे सगळे बोल्ट आवळून मोकळा होतो. या बुशमधले रबर आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही नळ्यांना चिकटवलेले असते, ते घसरत नाही, पिळले जाते. लोंबकळत्या स्थितीत बोल्ट आवळला की गाडी जमिनीवर बसताक्षणी रबराला पीळ पडतो आणि उभ्या गाडीतही तो कायम राहतो. असा बुश काही महिन्यांत फाटतो आणि दोष मात्र ‘डुप्लिकेट मालाला’ दिला जातो. बोल्ट आधी हाताने लावावेत, गाडी चाकांवर उतरवावी, दोन-तीन वेळा दाबून बसू द्यावी आणि मग खड्ड्यात उतरून टॉर्क पान्याने शेवटचे आवळावेत. पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक कृत्रिम पदार्थाचे) बुश घेऊ का, असे पुढे विचाराल, म्हणून सांगतो: स्टॅबिलायझर बारला चालतील, मागच्या मल्टिलिंकला नकोत. तिथला आर्म एकाच दिशेने फिरत नाही, थोडा तिरकाही होतो. रबर ते सहन करते, पॉलियुरेथेन अडते. शिवाय आपल्याकडच्या धुळीत त्यातले ग्रीस लवकर मळते आणि कुरकुर सुरू होते.

आता तुमच्या मुख्य तक्रारीकडे, म्हणजे झुलण्याकडे वळतो. तापीच्या खोऱ्यातली आपली कापसाची काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर बांधलेला रस्ता वरून गुळगुळीत दिसला तरी काही वर्षांत त्यात लांब लांब उंचवटे तयार होतात. खड्डा डोळ्यांना दिसतो, हा उंचवटा फक्त पाठीला कळतो. त्याचे गणित साधे आहे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २७.८ मीटर. उंचवटे वीस-वीस मीटरवर असतील, तर गाडीला सेकंदाला साधारण १.४ धक्के मिळतात. आता समजा की पुढच्या एका चाकावर गाडीचे ३३० किलो वजन आहे आणि चाकापाशी मोजलेली स्प्रिंगची ताठरता मिलिमीटरला २५ न्यूटन आहे. अशा गाडीची स्वतःची झुलण्याची गतीही सेकंदाला सुमारे १.४ हेलकावे इतकीच येते. रस्त्याची लय आणि गाडीची लय जुळली की प्रत्येक उंचवटा आधीच्या हेलकाव्यात भर घालतो.

दुकानदार म्हणेल की मग स्प्रिंग ताठ करा. ताठरता दुप्पट, म्हणजे मिलिमीटरला ५० न्यूटन केली, तर झुलण्याची गती दुप्पट होत नाही. ती वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते आणि सेकंदाला सुमारे १.९५ वर जाते. त्याच वेगात आता वीस मीटरची नव्हे, तर सुमारे चौदा मीटरची लाट गाडीला गाठते. म्हणजे हेलकाव्यातून सुटका झालीच नाही, वर शहरातला प्रत्येक सांधा कमरेला जाणवू लागला. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. ती ऊर्जा संपवण्याचे काम फक्त शॉक अब्सॉर्बर करतो, आणि त्यातही गाडी वर उसळताना लागणारा रोध, ज्याला रिबाउंड म्हणतात, आपल्या रस्त्यांवर सर्वांत महत्त्वाचा असतो.

तुमचे शॉकअप, म्हणजे शॉक अब्सॉर्बर, गेले आहेत की नाही, हे बॉनेट दाबून पाहण्याने नीट कळत नाही, कारण जुन्या बुशचे घर्षणही गाडीला तिथल्या तिथे थांबवते. त्यापेक्षा धुळ्याकडे येताना एखादा ओळखीचा लांब उंचवटा निवडा आणि शेजारी बसलेल्या माणसाला बॉनेटच्या कडेकडे पाहायला सांगा. उंचवटा ओलांडल्यावर कड एकदा खाली जाऊन स्थिरावली तर ठीक, दोन-तीनदा वर-खाली झाली तर शॉकअप संपले. हाच रस्ता मे महिन्यात एकदा पहाटे आणि एकदा भर दुपारी पाहा. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, वर तापलेले डांबर असते, आणि झिजलेल्या शॉकअपमधले तेल पातळ होऊन फेसाळले की दुपारची गाडी सकाळपेक्षा उघड जास्त झुलते. टायरच्या कडेवरून तळहात फिरवल्यावर उंच-सखल टवके लागत असतील तर आणखी पुरावा नको.

घ्यायचे कोणते? कमी दाबाचा वायू भरलेले दुहेरी नळीचे शॉकअप, उदाहरणार्थ केवायबीचे एक्सेल-जी या प्रकारचे, तुमच्या गरजेच्या बहुतांश भागाला पुरेसे आहेत. एकेरी नळीचे, जास्त दाबाचे, बिलस्टीनच्या बी६ वर्गातले शॉकअप उष्णतेत जास्त टिकाव धरतात, कारण त्यांत तेल आणि वायू वेगळे ठेवलेले असतात आणि बाहेरची नळी थेट हवेला लागून थंड होते. पण त्या नळीतच पिस्टन फिरत असल्यामुळे दगडाने पडलेली खोच पिस्टन अडवू शकते. शेतरस्त्यावर गाडी नियमित जात असेल तर याचा विचार करा. त्याच कंपनीचे बी८ आखूड असतात, ते खाली बसवलेल्या गाडीसाठी आहेत, तुमच्यासाठी नाहीत. कोनीच्या पिवळ्या शॉकअपमध्ये रिबाउंड कमी-जास्त करता येतो, ही सोय आपल्या रस्त्यांना फार उपयोगी आहे. कोणतेही घेताना आपल्या चेसिस क्रमांकावरून पार्ट नंबर जुळवून घ्या. ‘लान्सरचा आहे, बसतो’ एवढ्यावर पैसे देऊ नका, कारण आपल्याकडे आधीची लान्सर आणि सेडिया या दोन वेगळ्या गाड्या आहेत. शॉकअपसोबत नवे बंप स्टॉप (चाक पूर्ण वर आल्यावर टेकते ते रबर) आणि धूळरोधक रबरही घ्या.

मागची उंची चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. मागे कायम दोन माणसे आणि सामान असेल आणि गाडी बसलेली दिसत असेल, तर मूळ उंचीचीच पण पंधरा-वीस टक्के ताठ अशी मागची स्प्रिंग योग्य ठरेल. त्याहून ताठ स्प्रिंगला मूळ दर्जाचा शॉकअप आवरू शकत नाही.

४० मिलिमीटर खाली का नको, तेही सांगतो. अशा गाडीत चाकाला वर जायला बंप स्टॉपपर्यंत साधारण सात-आठ सेंटिमीटर वाव असतो. त्यातला अर्धा आपण उभ्या गाडीतच खाऊन टाकतो. कन्नड घाटाच्या वळणात, जिथे बाहेरचे पुढचे चाक आधीच दाबलेले असते, तिथे एखादा सांधा आला की चाक थेट बंप स्टॉपवर आदळते, ताठरता एकदम कित्येक पटींनी वाढते आणि पुढची पकड सुटते. दुसरे असे की मॅकफर्सन स्ट्रटमध्ये गाडी खाली आली की लोअर आर्म आडवा होऊन पुढे उलट उताराचा होतो. त्यामुळे गाडी ज्या काल्पनिक केंद्राभोवती कलते ते केंद्र गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकते आणि कलण्याचा जोर वाढतो. म्हणजे कलणे कमी करण्यासाठी गाडी खाली घ्यायची आणि खाली घेतल्यामुळे जास्त कलते म्हणून स्प्रिंग आणखी ताठ करायची, असा हा उलटा व्यवहार आहे. गावोगावच्या गतिरोधकांवर इंजिनाखालची तेलाची टाकी (संप) घासेल, ते वेगळेच. दिसण्यासाठी पंधरा मिलिमीटर खाली घेतलीत तर मी भांडणार नाही, त्यापुढे नको.

कलणे कमी करायचे असेल तर स्टॅबिलायझर बार हा अधिक सरळ मार्ग आहे. त्याची ताठरता व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणजे २० ऐवजी २२ मिलिमीटरचा बार जवळजवळ ४६ टक्के ताठ असतो. मागचा थोडा जाड केला तर पुढच्या चाकांनी ओढणारी ही गाडी वळणात अधिक मोकळी फिरते. मात्र पावसात घाट उतरताना तीच मोकळीक अंगाशी येऊ शकते, म्हणून एका वेळी दोन मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका. बॉनेटखालचा स्ट्रट बार (दोन्ही स्ट्रटची वरची टोके जोडणारा दांडा) दिसायला छान असतो, यापेक्षा त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखे नाही. टायरच्या बाबतीत भिंत, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची, राखा: १९५/६० टायरची भिंत (१९५ मिलिमीटर रुंदीच्या ६० टक्के) ११७ मिलिमीटर असते, २०५/४५ ची ९२, आणि ते २५ मिलिमीटर रबर म्हणजे आपल्या रस्त्यावर रिम वाचवणारी गोष्ट आहे.

आता सायलेन्सर. तुमचे इंजिन १,९९९ सीसीचे, टर्बो नसलेले, सुमारे ११५ अश्वशक्तीचे आहे. त्याच्या मूळ एक्झॉस्टमध्ये फार मोठा अडथळा नाही, त्यामुळे मागचा पाईप बदलून मिळणारी ताकद चालवताना जाणवेल इतकी नसते. अडीच इंची पाईपचे क्षेत्रफळ दोन इंचीपेक्षा ५६ टक्के जास्त असते. वायूचा वेग मंदावतो आणि खालच्या आरपीएमवर, म्हणजे ट्रकमागून ओव्हरटेक करताना लागतो तिथेच, इंजिन सुस्त वाटू लागते. बदलायचेच असेल तर दोन किंवा फार तर सव्वादोन इंच ठेवा. हेडर (इंजिनातून धूर गोळा करणारे पहिले पाईप) बदलायचे असल्यास चार-दोन-एक रचनेचे, म्हणजे चार पाईप आधी दोनांत आणि मग एकात मिळणारे, घ्या, ते मधल्या आरपीएमला मदत करते. पण त्याआधी सस्पेन्शन आणि टायर पूर्ण झालेले असावेत.

सरळ पाईपचा खरा त्रास आवाजाच्या मोठेपणापेक्षा घुमण्याचा आहे. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात, त्यामुळे ३,००० आरपीएमला सेकंदाला १०० स्पंदने निघतात. अडीच ते तीन हजार आरपीएमच्या पट्ट्यात महामार्गावर तासन्‌तास गाडी चालते, आणि ८० ते १०० हर्ट्झचा हाच सूर बंद केबिनमध्ये घुमून डोके दुखवतो. धुळ्याहून नाशिक येईपर्यंत मागे बसलेली माणसे बोलेनाशी होतात. मधला रेझोनेटर, म्हणजे ठरावीक सूर दाबणारा डबा, कंपनीने याच सुरासाठी बसवलेला असतो. तो काढून एका टोकाला बंद असलेली फांदी, ज्याला जे-पाईप म्हणतात, जोडता येते, पण तिची लांबी त्या सुराच्या तरंगलांबीच्या चतुर्थांश लागते. सुमारे ४०० अंश तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला जवळपास ५२० मीटर असतो, म्हणजे १०० हर्ट्झसाठी १.३ मीटर लांबीची फांदी हवी. सेडियाच्या पोटाखाली तेवढी मोकळी जागा शोधण्यापेक्षा मूळ रेझोनेटर राहू द्यावा. चांगला, मोठ्या पोटाचा, जाळीच्या नळीभोवती काचतंतू भरलेला मागचा मफलर बसवा. आवाज खोल होतो आणि घुमत नाही.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याबाबत कडक भूमिका घेतली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सायलेन्सर सक्तीचा करतो. ध्वनी आणि वायुप्रदूषणाच्या उल्लंघनासाठी कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. तुमची गाडी पंधरा वर्षांपलीकडची आहे. नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी होते आणि त्या वेळी तपासणीला गाडी उभी करावी लागते. पीयूसीलाही ती दर वेळी अडकेल.

नवे काही घेण्याआधी सध्याच्या एक्झॉस्टची गळती तपासा. सकाळी थंड इंजिन सुरू करून मागच्या तोंडावर जाड ओले फडके क्षणभर दाबले की ‘फस्’ असा आवाज कुठून येतो ते ऐकू येते. ऑक्सिजन सेन्सरच्या पुढे इंजिनकडच्या जोडाला बारीक फट असेल, तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, इंजिनाच्या संगणकाला हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ वाटते आणि तो पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज घटल्याची तक्रार कित्येकदा एवढ्याशा फटीची असते. स्थानिक फॅब्रिकेटरकडून काम करून घेणार असाल तर जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाईप वापरू देऊ नका. वेल्डिंग करताना जस्ताचा विषारी धूर त्या कारागिराच्याच छातीत जातो आणि मुलामा उष्णतेत टिकतही नाही. ३०४ स्टेनलेस चांगले, पण ते तापल्यावर बरेच वाढते: तीन मीटर पाईप ४०० अंशांनी तापला तर सुमारे २० मिलिमीटर. म्हणून हँगर नव्या रबराचे आणि इंजिनाजवळचा लवचीक पाईप शाबूत हवा, नाहीतर वेल्डिंगचे जोड एकामागून एक तडकतील.

दोन्ही कामे एकत्र करू नका. आधी बुश आणि शॉकअप, मग व्हील अलाइनमेंट, त्याचा आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागून घ्या. पाचशे-सातशे किलोमीटर चालल्यावर बोल्ट तपासून अलाइनमेंट पुन्हा एकदा पाहावे. त्यानंतर एक पावसाळा गाडी चालवा आणि मगच स्प्रिंग, बार किंवा मफलरचा निर्णय घ्या. काढलेले मूळ स्प्रिंग आणि मूळ मफलर भंगारात देऊ नका. ही गाडी बाजारातून जाऊन दशक उलटले आहे आणि पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी ते सामान तुमच्याच उपयोगी पडेल.